केसपेपरवर ‘बॉर्डरलाइन ट्रेट्स’ लिहिलंय, पुढे काय? स्वभाव, सावरण्याच्या सवयी आणि नंतरचा त्रास

प्रश्न: यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून मोठ्या भावाने विचारलं आहे. धाकटी बहीण 21 वर्षांची, तालुक्याच्या कॉलेजात बी.ए.ला. मनाविरुद्ध काही झालं की खोलीत कोंडून घेते, कधी स्वतःच्या हाताला इजा करते, मैत्रिणीने फोन उचलला नाही तर वीस-पंचवीस वेळा लावत राहते. दुसऱ्या दिवशी सगळं ठीक. घरचे म्हणतात नाटकं आहेत, आजी म्हणते बाहेरचं आहे. जिल्ह्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी ‘बॉर्डरलाइन ट्रेट्स’ असं लिहून दिलं. हा आजार आहे का? पुढे डिप्रेशन येईल का? आम्ही काय करायचं?

उत्तर:

दादा, तुमच्या मधल्या प्रश्नापासून सुरुवात करू, बाकी दोन्ही त्याच्या पोटात आहेत. पुढे नैराश्य, चिंता, झोपेचे विकार होण्याचा धोका तिच्या वयाच्या इतर मुलींपेक्षा जास्त आहे. पण स्वभाव असा आहे म्हणून डिप्रेशन येणारच, असं सरळ गणित नाही. स्वभाव आणि पुढचा त्रास यांच्यामध्ये एक टप्पा असतो: त्रास झाला की माणूस त्या त्रासाचं काय करतो. कोपिंग म्हणतात ते हेच. आपण त्याला सावरण्याची सवय म्हणू. सारख्याच तापट, हळव्या स्वभावाच्या दोन मुली दहा वर्षांनी अगदी वेगळ्या ठिकाणी असू शकतात आणि त्या फरकाचा मोठा भाग या सवयींचा असतो. स्वभाव औषधाने वा उपदेशाने बदलत नाही. सवयी शिकलेल्या असतात, त्यामुळे त्या बदलता येतात. घरच्यांचा हातही तिथेच पोहोचतो.

आता ‘ट्रेट्स’ म्हणजे काय ते. मानसोपचारतज्ज्ञ या निदानासाठी नऊ खुणा बघतात: आपल्याला सोडून जातील ही भीती आणि ते टाळण्याची धडपड, नात्यांत टोक, म्हणजे आज जी मैत्रीण जीव की प्राण तीच उद्या वैरीण, मी कोण, मला काय हवं याबद्दल डळमळ, खर्च, नशा, बेफाम गाडी असे उतावीळ उद्योग, स्वतःला इजा किंवा मरण्याची भाषा, तासातासाला बदलणारा मूड, आतून पोकळ वाटणं, न आवरणारा राग, आणि ताण फार वाढला की थोडा वेळ संशय येणं किंवा आपण आपल्यात नाही असं वाटणं. यातल्या किमान पाच खुणा तरुण वयापासून, वेगवेगळ्या ठिकाणी, सातत्याने दिसल्या तर ‘बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकार’ म्हणतात. तीन-चारच असल्या किंवा खात्री नसली तर डॉक्टर ‘ट्रेट्स’ लिहितात. 2022 पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात तर आधी तीव्रताच बघतात, सौम्य, मध्यम की तीव्र, आणि ‘बॉर्डरलाइन’ हा त्यावरचा एक नमुना म्हणून जोडतात. आमच्या मते गावपातळीवर हीच पद्धत जास्त कामाची. शिक्का कोणता यापेक्षा झोप, कॉलेज, नाती आणि जीव यांतलं काय किती बिघडलंय, हे बघून पुढचं ठरवता येतं.

हे निराळं काही नाही आणि दुर्मिळही नाही. सर्वसाधारण लोकसंख्येत पूर्ण विकाराचं प्रमाण साधारण 1 ते 2 टक्के धरतात, मानसोपचाराच्या बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्यांत 10 टक्क्यांच्या आसपास. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून साधारण निम्मा वाटा आनुवंशिक दिसतो. उरलेला वाटा वाढताना मिळालेल्या वागणुकीचा आणि प्रसंगांचा. आजीशी वाद घालू नका, पण ‘बाहेरचं’ नाही हे घरातल्या बाकीच्यांना नीट कळू द्या.

सुटका मिनिटांची, वसुली वर्षांची

अशा माणसाची भावना तीन बाबतीत वेगळी असते. लवकर उठते, फार वर जाते आणि खाली यायला वेळ लावते. पऱ्हाटीसारखी, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडासारखी भसकन पेटते, पण विझताना बाभळीच्या बुंध्यासारखी धुमसत राहते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनहान यांनी 1993 मध्ये मांडलेली उपपत्ती अशी, की जन्मतःची ही संवेदनशीलता आणि ती सतत खोटी ठरवणारं घर, या दोन्हींच्या घासाघाशीतून ही लक्षणं घडतात. घर वाईटच असावं लागतं असं नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत आई-बाप पहाटे वावरात जातात आणि दिवेलागणीला परततात. मुलगी हळू आवाजात काही सांगते तेव्हा ‘एवढ्याशानं काय होते’ म्हणून विषय संपतो. ती भांडी आपटते, किंचाळते, तेव्हा सगळे थांबतात. यातून एक धडा शिकला जातो: हळू सांगितलं तर ऐकू जात नाही. हा धडा कोणी ठरवून दिलेला नसतो आणि तिनेही ठरवून घेतलेला नसतो.

त्या उठलेल्या भावनेचं ती काय करते, ते चार प्रकारांत बघा.

पहिला, टाळणं. परीक्षेला न जाणं, मोबाइल बंद ठेवणं, दिवसा झोपून राहणं. धडधड लगेच थांबते. हजेरी कमी पडते ते दोन महिन्यांनी कळतं.

दुसरा आमच्या अनुभवात सगळ्यात दुर्लक्षित: घोळवत बसणं. ‘ती अशी का बोलली, माह्यावर कोणाचाच जीव नाही’ हे अंथरुणात पडून दोन-दोन तास, व्हॉट्सॲपचे जुने मेसेज पुन्हा वाचत. घरच्यांना वाटतं शांत पडली आहे. आत मात्र प्रत्येक फेरीला भावना वर चढत असते, आणि ती असह्य झाली की ती तोडायला काहीतरी झटक्याचं लागतं. हाताला इजा अनेकदा इथून येते. भांडण संध्याकाळी आणि इजा रात्री अकराला असेल, तर मधल्या तीन तासांत काय चाललं होतं ते विचारा. बहुतेक वेळा हेच निघतं.

तिसरा, स्वतःला कोसणं. ‘मीच वाईट, मेलेली बरी.’ हा ऐकायला नम्र वाटतो, पण नैराश्याकडे जाणारी सगळ्यात सरळ वाट हीच.

चौथा, झटपट उपाय: फोनवर फोन, धमकीचा मेसेज, खर्रा, दारू, उसने पैसे घेऊन खरेदी, रागात नातं तोडणं, शरीराला इजा.

या सगळ्यांत समान गोष्ट अशी, की सुटका काही मिनिटांत मिळते. ज्या कृतीनंतर त्रास चटकन कमी होतो ती कृती मेंदू पक्की करतो. त्यासाठी डावपेच लागत नाही. म्हणून ‘नाटक’ हे वर्णन चुकीचं आहे. इजेनंतर सगळे धावत येतात हे खरं, पण बहुतेक जण ती लपवतात. बाही खाली ओढलेली असते, कोणाला कळत नाही आणि तरी ती कृती पुन्हा होते, कारण बक्षीस आत मिळतंय.

किंमत नंतर वसूल होते. मैत्रिणी थकून दूर होतात, वर्ष वाया जातं, लग्नाच्या बैठकीत गावभर झालेली चर्चा आड येते. प्रत्येक झटपट सुटकेमागे आधार देणारं एखादं माणूस कमी होतं. पुढचा ताण आला की तो पेलायला हाताशी कमी माणसं असतात, म्हणून भावना आणखी वर जाते. कॉन्स्टन्स हॅमन या मानसशास्त्रज्ञांनी नैराश्य असलेल्या स्त्रियांबद्दल 1991 मध्ये एक गोष्ट दाखवली होती: त्यांच्या आयुष्यातले काही ताण बाहेरून येतात आणि काही, विशेषतः नात्यांमधले, त्यांच्या स्वतःच्या वागण्यातून तयार होतात. बॉर्डरलाइन खुणा असलेल्यांत हा दुसरा हिस्सा मोठा असतो. पावसाने दडी मारली, सोयाबीनवर पिवळा मोझॅक आला, यावर तुमच्या बहिणीचा इलाज नाही. एकाच महिन्यात दोन मैत्रिणी तुटल्या, त्याच्यावर काम करता येतं.

इथे एक सावधगिरी. टाळणं वाईट आणि तोंड देणं चांगलं, असा सोपा नियम करू नका. लॅझारस आणि फोकमन या मानसशास्त्रज्ञांनी 1984 मध्येच सावरण्याचे दोन मुख्य प्रकार सांगितले: प्रश्न सोडवणारं सावरणं आणि भावना सांभाळणारं सावरणं. कोणतं कधी, हे परिस्थिती हातात आहे की नाही त्यावर ठरतं. सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज अडकला आहे, हे हातात आहे. तिथे रडून, झोपून भागत नाही. कागद घेऊन कॉलेजच्या ऑफिसात जावं लागतं. कापसाचा भाव पडला, हे हातात नाही. तिथे रात्रभर हिशेब घोळवण्यापेक्षा जेवून झोपणं शहाणपणाचं. आणि घरात कोणी पिऊन हात उचलत असेल तर काकूच्या घरी निघून जाणं हेही टाळणंच आहे, पण ते शंभर टक्के बरोबर आहे. अशा खुणा असलेल्या माणसांची अडचण ही की त्यांच्याकडे एकच हत्यार असतं आणि ते ते सगळीकडे वापरतात. त्यांना नवीन हत्यार द्यायचं आहे, जुनं हिसकावून घ्यायचं नाही.

स्वभावावर खापर फोडण्याआधी

बाण उलटाही चालतो. नैराश्यात असलेल्या माणसाला पोकळ वाटतं, चिडचिड होते, कोणी आपलं नाही असं वाटतं, म्हणजे नैराश्य असताना बॉर्डरलाइनच्या खुणा आहेत त्यापेक्षा जास्त दिसतात. म्हणून आज नैराश्य असेल तर त्यावर सहा ते आठ आठवडे नीट उपचार करून मग स्वभावाबद्दल पुन्हा विचारायला हवं. बॉर्डरलाइनच्या खुणांसाठी दहा प्रश्नांची एक चाळणी-चाचणी असते, त्यात 7 किंवा जास्त ‘हो’ आले तर पुढे तपासतात. पण ती चाचणी रडत आलेल्या दिवशी भरून घेतली तर आकडा फुगतो.

काही गोष्टी डॉक्टरांनी तपासल्या का ते विचारा. बायपोलरमध्ये, म्हणजे चढ-उताराच्या मूडच्या आजारात, मूड दिवसानुदिवस, आठवडे एका टोकाला राहतो आणि चढत्या काळात तीन-चार तास झोपूनही माणूस ताजातवाना असतो. इथे मूड तासांत बदलतो आणि जवळजवळ नेहमी कुठल्या तरी बोलण्याला, नकाराला जोडलेला असतो. पाळीच्या आधीच्या आठवड्यातच सगळे प्रसंग होत असतील तर दिशा वेगळी. कॅलेंडरवर दोन महिने खुणा केल्या की कळतं. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड बघून घ्या, आपल्याकडे मुलींत रक्त कमी असणं फार. आणि घरात, नात्यात, कॉलेजात कोणी त्रास देत आहे का, लहानपणी काही घडलं का, हे तिला एकटीला, बाईमाणसानेच विचारावं, भावासमोर नाही. चालू असलेल्या छळाला स्वभावदोष म्हणून उपचार देणं ही आपल्या क्षेत्रातली घोडचूक आहे, आणि ती वारंवार होते.

वही, थंड पाणी आणि एक माणूस

आता कामाचं. आधी एक शंभर पानी वही. प्रसंग झाला की दुसऱ्या दिवशी, डोकं शांत असताना, तिने स्वतः लिहायचं. त्या दिवशी नाही. रकाने सहा: आधीपासून काय कमजोर होतं (झोप, जेवण, उपवास, पाळी, दिवसभर उन्हात काम), नेमकी ठिणगी कोणती, डोक्यात काय आलं, शरीरात काय झालं, काय केलं, लगेच काय मिळालं आणि दुसऱ्या दिवशी काय गमावलं. शेवटचा रकाना दोन भागांत लिहायचा, त्यातच सगळा अर्थ आहे. पाच-सहा प्रसंग लिहून झाले की नमुना दिसायला लागतो. समजा असं निघालं: एकादशीचा उपवास, चारची एसटी चुकली, मैत्रीण पुढे निघून गेली, ‘मले मुद्दाम सोडलं’ हा विचार, छातीत धडधड, बावीस फोन. मग ‘स्वभाव सुधार’ असं सांगण्याऐवजी नेमकी कडी धरता येते: उपवासाच्या दिवशी डब्यात शेंगदाणे-केळं, आणि विचाराच्या जागी एक तपासणी, ‘तिची बस कितीची होती?’ वही घरच्यांनी वाचायची नाही. ती वाचली गेली की खोटी लिहिली जाते आणि मग तिचा उपयोग शून्य.

भावना अगदी वर असताना विचार बदलायला सांगून उपयोग होत नाही, आधी शरीर खाली आणावं लागतं. एका परातीत माठाचं गार पाणी घ्यायचं, श्वास रोखून कपाळ, डोळे आणि गाल बुडतील असा चेहरा 20 ते 30 सेकंद धरायचा, दोन-तीन वेळा. यामुळे हृदयाचे ठोके मंदावतात. हृदयविकार असेल, ठोके आधीच मंद असतील किंवा जेवण फारच तुटलं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. दुसरं, श्वास: चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, पाच मिनिटं. तिसरं, दहा मिनिटं दमछाक: अंगणात दोरीवरच्या उड्या, विहिरीवरून पाणी आणणं, भरभर चालणं. मग पंधरा मिनिटांचा करार: इजा करावीशी वाटली तर पंधरा मिनिटं थांबायचं, त्यात वरचं एक काहीतरी करायचं, मग पुन्हा बघायचं. लाट बहुधा तेवढ्यात शिखरावरून उतरायला लागते.

हे का फसतं ते सांगणं जास्त गरजेचं. एक, ते वादळातच पहिल्यांदा करून बघतात. पोहायला पुरात शिकत नाहीत. शांत दिवशी, रोज एकदा, दोन आठवडे सराव हवा. दोन, घरचे हुकूम म्हणून वापरतात, ‘जा, पाण्यात तोंड घाल’, आणि उपाय अपमान बनतो. तीन, लाट उतरल्यावर मूळ प्रश्नाकडे कोणी बघत नाही. थंड पाण्याने शिष्यवृत्तीचा अर्ज भरला जात नाही. शांत झाल्यावर, त्याच दिवशी नाही तर दुसऱ्या दिवशी सकाळी, तो प्रश्न हातात आहे का हे ठरवून एक छोटं पाऊल टाकायचं. हा भाग सुटला तर थंड पाणी हीसुद्धा टाळण्याचीच नवी तऱ्हा होते.

मागणं कसं मागायचं हेही शिकवावं लागतं. काय घडलं, मला काय वाटलं, मला काय हवं, मिळालं तर काय बरं होईल, एवढी चार वाक्यं. ‘काल तू फोन नाही उचलला. मला वाटलं तू रागावलीस. कामात असलीस तर नंतर करते एवढा एक मेसेज टाक. मग मी पुन्हा पुन्हा लावणार नाही.’ कागदावर लिहून, मग मोठ्याने बोलून, मग माणसासमोर. घोळवत बसण्यावरचा इलाज रुक्ष आहे पण चालतो: अंथरुणात मोबाइल नाही, आणि वीस मिनिटांहून जास्त तोच विचार चालला तर उठून हाताचं काम, शक्यतो दुसऱ्या माणसाच्या सोबतीने. तुरीच्या शेंगा सोलायला बसणं चालेल.

घरच्यांनी काय करायचं? एकच माणूस ठरवा. सहा जणांनी सहा तऱ्हेने समजावणं हे रॉकेल आहे. तुम्ही, वहिनी किंवा काकू, जिच्याशी तिचं पटतं ती. त्या माणसाने दोन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या: भावना मान्य, कृती अमान्य. ‘ती न सांगता निघून गेली, तुला लागलंच असेल’ हे खरं आहे, ते म्हणायचं. ‘म्हणून तू केलंस ते बरोबर’ हे म्हणायचं नाही. ‘काही झालं नाही, विसर’ हेही म्हणायचं नाही. समजूत आणि सल्ला यांच्यात निदान दहा मिनिटांचं अंतर ठेवा. आपल्याकडे माणसं सल्ल्याला फार उतावळी.

दुसरं, लक्ष प्रसंगाला बांधू नका. रोज रात्री जेवणानंतर वीस मिनिटं, काही बिघडलेलं नसतानाही, तिच्याशी बसा. हळू बोलूनही ऐकू जातं हा नवा धडा असाच शिकवला जातो. इजा झाली तर जखम बघा, शांतपणे पट्टी करा, जिवाला धोका आहे का विचारा. पण त्या रात्री लांबलचक रडारड, नवा मोबाइल, सगळ्या मागण्या मान्य, असं करू नका. मर्यादा शांत दिवशी सांगायची आणि पाळता येईल तेवढीच सांगायची. ‘पुन्हा केलंस तर कॉलेज बंद’ ही पाळता न येणारी आणि नुकसानीची धमकी. एकदा कडक, एकदा नरम असं झालं की मागणी अधिकच चिवट होते. आणि एक आधीच सांगून ठेवू: तुम्ही वागणं बदललं की पहिले दोन-तीन आठवडे तिचं वागणं वाढूही शकतं. तेव्हा घाबरून जुन्या पद्धतीवर जाऊ नका, पण मरण्याच्या बोलण्याकडे दुर्लक्षही करू नका. ते प्रत्येक वेळी खरं मानून विचारायचं.

‘लग्न करून द्या, सुधरते’ हा सल्ला गावात हमखास मिळेल. नका ऐकू. सोडून जाण्याची भीती हाच ज्या माणसाचा दुखरा भाग, त्याला अनोळखी घरात, नवऱ्याच्या मर्जीवर नेऊन सोडलं की ताण कमी होत नाही, वाढतो. देवर्षीकडे, दर्ग्यावर जायचं असेल तर जा. मात्र मारझोड, धुरी, साखळी, उपाशी ठेवणं यातलं काहीही चालू देऊ नका, आणि दवाखान्याची तारीख चुकवू नका.

घरातलं विष

आपल्या भागात हा विषय टाळता येत नाही. या खुणा असलेल्यांत मरण्याचा आवेग अनेकदा थोड्या वेळाचा असतो, काही मिनिटांचा, तासाभराचा. त्या वेळात विष हाताशी आहे की नाही यावर जीव ठरतो. फवारणीची औषधं, उंदराचं औषध, आजोबांच्या गोळ्या, सगळं लोखंडी पेटीत कुलूपबंद, शक्यतो घराबाहेर, वावरातल्या कोठ्यात किंवा ज्यांच्याकडे लहान मुलं नाहीत अशा भावकीत. किल्ली एकाच माणसाकडे, खुंटीवर नाही. उरलेलं औषध पुढच्या हंगामासाठी ठेवायची सवय मोडा. तिच्या स्वतःच्या गोळ्या एका वेळी आठवड्याच्याच आणा. काही पोटात गेलं असा संशय जरी आला, आणि ती ‘मले काही नाही झालं’ म्हणाली तरी, थेट 108 ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. काही विषं सुरुवातीला त्रास देत नाहीत आणि दोन-तीन दिवसांनी अवयव निकामी करतात. मीठ-पाणी पाजून उलटी करवू नका. डबा किंवा पाकीट सोबत न्या. पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळू नका: मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 च्या कलम 115 नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरतात, तिच्यावर खटला चालवत नाहीत आणि तिची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी ठरते.

मरण्याबद्दल स्पष्ट विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो, हा गैरसमज आहे. ‘जीव द्यायचा विचार येतो का? कसा, कधी ठरवलंय का?’ असं थेट विचारा. बेत ठरलेला असेल तर तिला एकटी सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. रात्री-अपरात्री बोलायला टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही. तो तिच्या मोबाइलमध्ये आणि तुमच्याही मोबाइलमध्ये आजच साठवा.

उपचारांबद्दल थोडक्यात. बॉर्डरलाइनसाठी म्हणून मंजूर झालेली गोळी नाही. नैराश्य सोबत असेल तर त्याची गोळी देतात, ती लागू पडायला चार ते सहा आठवडे जातात. झोपेच्या आणि घबराटीच्या सवय लावणाऱ्या गोळ्या, मेडिकलवरून चिठ्ठीविना मिळणाऱ्या, या स्वभावात संयम आणखी सैल करतात. त्या नकोच. खरा उपचार बोलण्याचा. लिनहान यांची डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) पद्धत पूर्ण रूपात म्हणजे दर आठवड्याला एक वैयक्तिक भेट, एक गट-वर्ग आणि मधल्या काळात फोनवर मदत, साधारण वर्षभर. तालुक्याला हे मिळणार नाही. पण निराश व्हायचं कारण नाही. टोरांटोमध्ये 180 रुग्णांवर केलेल्या आणि 2009 मध्ये छापलेल्या तुलनेत साधी, नीट बांधलेली मानसोपचार सेवा वर्षअखेरीस डीबीटीइतकीच उपयोगी ठरली. त्या साध्या पद्धतीचा एक आग्रह गावात तंतोतंत लागू पडतो: आधी काम, मग प्रेम. म्हणजे कॉलेज, शिलाईचा क्लास, बचत गटाचं खातं लिहिणं, असं रोजचं बांधील काम आधी उभं करायचं. नात्यांची वादळं त्यामुळे आपोआप थोडी लहान होतात.

जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा विभाग असतो, तिथे मानसशास्त्रज्ञ आहेत का आणि पंधरा दिवसांनी अर्धा-पाऊण तास मिळेल का ते विचारा. नसेल तर यवतमाळचं वैद्यकीय महाविद्यालय, सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय किंवा नागपूर. गावातली माणसंही कमी पडत नाहीत: अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत ‘विश्राम’ प्रकल्पात गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांनी नैराश्यावर काम केलं, तेव्हा मदत घेणाऱ्या नैराश्यग्रस्तांचं प्रमाण 4.3 वरून 27.2 टक्क्यांवर गेलं. तुमच्या आशाताईंना विश्वासात घ्या, मात्र बहिणीला विचारूनच. गावात बातमी फुटली तर ती पुन्हा कोणाला काही सांगणार नाही.

पुढचं चित्र लोक समजतात त्यापेक्षा बरंच चांगलं आहे. अमेरिकेतल्या मॅक्लीन रुग्णालयाने दाखल झालेल्या 290 रुग्णांचा, म्हणजे तुमच्या बहिणीपेक्षा कितीतरी गंभीर माणसांचा, दहा वर्षं पाठपुरावा केला. 93 टक्के जणांची लक्षणं सलग दोन वर्षं तरी निदानाच्या रेषेखाली गेली. पण नीट कामधंदा आणि टिकाऊ नातं, दोन्ही गाठलेले निम्मेच. इजा, धमक्या, उतावीळपणा आधी ओसरतो. पोकळपणा आणि सोडून जाण्याची भीती रेंगाळते. घरचे इथे फसतात. प्रसंग थांबले म्हणून तारखा बंद करतात, आणि नैराश्य नेमकं त्याच शांत काळात आत शिरतं. म्हणून प्रसंग मोजण्यासोबत महिन्यातून एकदा नैराश्याची नऊ प्रश्नांची चाचणी, पीएचक्यू-9, भरून घ्या. बेरीज 10 किंवा वर असेल, किंवा नवव्या म्हणजे मरण्याच्या प्रश्नाला शून्याशिवाय काहीही उत्तर असेल, तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना दाखवा.

पहिल्या भेटीला जाताना जुना केसपेपर, चालू गोळ्यांची पाकिटं, हिमोग्लोबिन-थायरॉइडचे रिपोर्ट आणि कॅलेंडर न्या. वही न्यायची की नाही ते ती ठरवेल. डॉक्टरांशी आधी तिला एकटीला बोलू द्या, तुम्ही बाहेर थांबा. तीन महिन्यांनी प्रसंग निम्म्यावर आले नाहीत तर स्वभावाला दोष देण्याआधी हे तपासा: सराव रोज होतो का, घरात ठरलेला माणूस तोच आहे का, झोप सात तास आहे का, दारू किंवा खर्रा मध्ये आला आहे का, आणि कोणी तिला त्रास देत असल्याचं अजून सांगायचं राहिलं आहे का.